धुक्याचे पाणी



भर वैशाखात, दिवसभर तापलेले पत्रे अजून निवलेले नसताना, धुक्यावर बोलायला उभे राहणे म्हणजे एकादशीच्या दिवशी पुरणपोळीचे वर्णन करण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु पाण्याचा विचार पाणी नसतानाच नीट होतो. श्रावणात धो धो पाऊस पडत असता जो पाण्याचे व्याख्यान देईल, त्याला ऐकायला कोणी येणार नाही. आणि आला तरी छत्री कोठे ठेवावी याच चिंतेत राहील.

विषय निवडण्याचे दुसरेही एक कारण आहे. दुष्काळाचे साल आले की आपल्या भागात दोन प्रकारची माणसे फिरू लागतात. एक, टँकरवाले, आणि दुसरे, पाण्याची नवी युक्ती सांगणारे. कोणी नारळ हातावर ठेवून पाणी दाखवतो, कोणी ढगांवर फवारणी करण्याची गोष्ट काढतो, आणि अलीकडे असे सांगणारेही भेटतात की, 'हवेतच पाणी भरलेले आहे, ते काढून घ्या, धरण नको आणि विहीरही नको.' हे सांगताना ते आफ्रिकेतल्या एका किड्याचा दाखला देतात. आता या म्हणण्याला हसावे की ते खरे मानावे? हसणे सोपे आहे, मानणेही सोपे आहे; अवघड आहे ते तपासून पाहणे. ते आज आपण मिळून करू.

प्रथम शब्द स्पष्ट करू. हवेतले पाणी दोन रूपांत असते. एक वाफेचे, जे डोळ्यांना दिसत नाही. दुसरे बारीक थेंबांचे. त्यालाच आपण धुके किंवा धुई म्हणतो, आणि तेच उंच आभाळात असले की ढग म्हणतो. महाबळेश्वराच्या माणसाला जे धुके वाटते, ते खाली वाईच्या माणसाला डोंगरावर टेकलेला ढग दिसतो. वस्तू एकच, पाहणाऱ्याची जागा निराळी. तिसरा शब्द दव, ज्याला आपल्या खेड्यांत दहिवर म्हणतात. दव हे वरून पडत नाही, जरी आपण 'दव पडले' असे म्हणतो. निरभ्र रात्री गवताचे पाते, पत्रा, दगड ही आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. मग त्यांना स्पर्श करणाऱ्या हवेतली वाफ तेथेच थिजून थेंब होते. म्हणजे दव पडत नाही, जागच्या जागी धरते.

हा भेद केवळ पंडिती नाही, खर्चाचा आहे. वाफेचे पाणी करायचे तर तिच्यातली गुप्त उष्णता काढून टाकावी लागते. एक लिटर पाण्यामागे ही उष्णता विजेच्या हिशेबात सुमारे ०.६८ युनिट भरते. २०२२ साली मुंबईच्या काही रेल्वे स्थानकांवर हवेतून पाणी काढणारी 'मेघदूत' नावाची यंत्रे बसली. ती हेच काम विजेवर करतात. मुंबईची हवा दमट आहे म्हणून ती तेथे चालतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेत ओलावा किती असतो, हे दोरीवर टाकलेले धोतर किती वेळात वाळते यावरूनच कळते. दवाच्या बाबतीत हीच उष्णता काढून घेण्याचे काम आकाश फुकट करते, पण अगदी सावकाश. आणि धुक्यात तर तेही काम आधीच झालेले असते. पाणी तयार आहे. फक्त ते गोळा करायचे आहे. म्हणून धुक्याचा मोह मोठा.

परंतु ते पाणी आहे किती? धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आगेमागे असतो. दाट धुक्याच्या एका घनमीटरात सगळे थेंब मिळून अर्धा ग्रॅम पाणी निघाले तर पुष्कळ झाले. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दहा मीटर उंच असा एक मंडप घ्या, तो दाट धुक्याने भरा, आणि त्यातला थेंब न् थेंब पिळून काढा. पाणी निघेल अर्धा लिटर. एका माणसाची तहान! मग हे पाणी पुरते कसे? पुरते ते वाऱ्यामुळे. धुके जागेवर उभे नसते, वाहत असते. सेकंदाला पाच मीटर वेगाने वारा वाहत असेल आणि घनमीटरात पाव ग्रॅमहून थोडे कमी, म्हणजे ०.२ ग्रॅम पाणी असेल, तर एक चौरस मीटरच्या चौकटीतून सेकंदाला एक ग्रॅम आणि तासाला ३.६ लिटर पाणी निघून जाते. जो या वाऱ्याला चाळणी लावील, त्याला त्यातले काही मिळेल. सगळे नव्हे. चाळणी फार दाट केली तर वारा तिला वळसा घालून बाजूने निघून जातो. फार विरळ केली तर थेंब भोकांतून पळतात. सारी विद्या या दोहोंच्या मधे आहे.

ही विद्या माणसाच्या आधी झाडांनी आणि किड्यांनी साधली आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नामिब नावाचे वाळवंट आहे. तेथे पाऊस नावालाच; पण शेजारच्या थंड समुद्रावरून पहाटे धुके आत शिरते. या वाळवंटात एक काळा भुंगेरा राहतो. शास्त्रज्ञ त्याला ओनिमॅक्रिस उंगिक्युलारिस असे लांबलचक नाव देतात. १९७६ साली हॅमिल्टन आणि श्रीमती मेरी सीली या दोघांनी त्याची दिनचर्या प्रसिद्ध केली. एरवी रात्री वाळूत पुरून घेणारा हा प्राणी धुक्याच्या पहाटे, थंडीत आखडलेल्या पायांनी वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे पाठ करतो, डोके खाली आणि मागचे अंग वर करून शीर्षासनात उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात, मोठे होतात आणि ओघळत थेट तोंडात येतात. एका पहाटेत कधी कधी तो आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढे पाणी पितो. साठ किलोच्या माणसाने उठल्याबरोबर वीस लिटर पाणी प्यावे, त्यातला हा प्रकार. त्याच वाळवंटात त्याचा एक चुलतभाऊ आहे. तो शीर्षासन करीत नाही. तो वाऱ्याच्या आडव्या दिशेने वाळूत चिमुकले चर खणतो आणि चराच्या कडेवर जमलेला ओलावा शोषतो. आपल्याकडे समतल चर खणायला सरकारी योजना लागते. या किड्याला उपजत बुद्धी पुरते.

पुढे २००१ साली पार्कर आणि लॉरेन्स या इंग्रज संशोधकांनी तेथल्याच दुसऱ्या एका भुंगेऱ्याच्या, स्टेनोकाराच्या, पाठीकडे लक्ष वेधले. ती पाठ खडबडीत असते. तिच्यावर बारीक उंचवटे असतात आणि मधल्या खोलगट भागावर मेणाचा लेप असतो. याचे मर्म समजायला आपल्याला प्रयोगशाळा नको. अळूच्या पानावर पाणी टाका. ते मोत्यासारखे गोल होते आणि घरंगळून जाते. म्हणून तर न टिकणाऱ्या वस्तूला आपण 'अळवावरचे पाणी' म्हणतो. तेच पाणी मुलाच्या दगडी पाटीवर टाका. ते पसरते, चिकटते, जागचे हलत नाही. आता धुके पकडायचे असेल तर दोन्ही गुण हवेत. थेंब आधी कोठेतरी चिकटला पाहिजे, नाहीतर वारा त्याला उडवून नेईल. आणि पुरेसा मोठा झाल्यावर सुटला पाहिजे, नाहीतर उन्हाने तेथेच वाळून जाईल. पार्कर-लॉरेन्स यांचे म्हणणे असे की, या किड्याने एकाच पाठीवर पाटी आणि अळूचे पान शेजारी शेजारी मांडले आहे. उंचवट्यावर थेंब धरतो, वाढतो, आणि वजन झेपेनासे झाले की मेणाच्या उतारावरून घसरतो. त्यांनी मेणात काचेचे मणी बसवून तशी पट्टी बनवली, आणि नुसत्या काचेपेक्षा वा नुसत्या मेणापेक्षा तिच्यावर अधिक पाणी जमले.

कोळ्याची गोष्टही अशीच. हिवाळ्यात शाळवाच्या रानात पहाटे गेलात तर ताटाताटांमधे ताणलेली कोळ्याची जाळी मोत्यांच्या सरांसारखी दिसतात. कवी त्यावर उपमा देऊन मोकळे होतात. चीनमधील संशोधकांनी २०१० साली एक साधा प्रश्न विचारला: थेंब तंतूवर सारखे न पसरता ठरावीक अंतरावरच का जमतात? सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते असे. ओल लागली की या विशिष्ट कोळ्याच्या तंतूवर चातीसारख्या फुगीर गाठी तयार होतात. गाठींचा पृष्ठभाग खरखरीत आणि मधला तंतू गुळगुळीत व बारीक. त्यामुळे मधे कोठेही बसलेला थेंब आपोआप गाठीकडे ओढला जातो. दोन वर्षांनी, २०१२ साली, तिकडच्याच शास्त्रज्ञांनी मेक्सिकोच्या वाळवंटातल्या एका निवडुंगाचा काटा तपासला. काटा टोकाशी बारीक आणि बुडाशी जाड असतो. अशा सुळक्यावर बसलेल्या थेंबावर बारीक बाजूने दाब अधिक पडतो आणि थेंब टोकाकडून बुडाकडे सरकतो, मग काटा आडवा असो की उभा. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंग याच कुळातला. त्याच्या काट्याकडे आपण आजवर फक्त पायात मोडतो म्हणूनच पाहिले.

आणि झाडे? स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांपैकी एल हिएरो नावाच्या बेटावर गारोए नावाचा एक वृक्ष होता. डोंगराच्या खिंडीत तो उभा होता, समुद्रावरचे धुके त्याच्या पानांवर अडे आणि खाली टपटपे, आणि बेटावरचे लोक खालच्या कुंडातले ते पाणी पीत. १६१० च्या वादळात तो उन्मळून पडला. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या टेबल पर्वतावर १९०२-०३ साली डॉ. मार्लोथ यांनी दोन पर्जन्यमापके ठेवली, एक उघडे आणि एकावर बोरूसारख्या काड्यांची जुडी बांधलेली. जुडीच्या मापकात उघड्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक पाणी जमले. आपल्या सह्याद्रीवरही हेच चालते. महाबळेश्वरच्या, भीमाशंकरच्या झाडांच्या खोडांवर शेवाळाची आणि आमरीची जी गर्दी दिसते, ती धुक्यावर पोसलेली असते. तेथे पाऊस उघडला तरी झाडाखाली पाऊस चालूच असतो.

हे सर्व पाहून माणसाने काय केले? जाळी लावली. दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या उत्तरेस चुंगुंगो नावाचे कोळ्यांचे, म्हणजे मासेमारांचे, लहानसे गाव आहे. पाऊस जवळपास नाही. पाणी ट्रकने येई. गावामागे एल टोफो नावाचा डोंगर आहे आणि त्या डोंगरावर समुद्राचे धुके रोज येऊन धडकते. तिकडे त्याला कामंचाका म्हणतात. त्या डोंगरमाथ्यावर प्लॅस्टिकच्या विणलेल्या जाळ्या दोन खांबांमधे ताणल्या. ज्या हिरव्या जाळीची सावली आपण रोपवाटिकेवर करतो, त्याच जातीच्या. बारा मीटर लांब, चार मीटर उंच. खाली पन्हळ, पन्हळीतून नळ, नळातून गावात पाणी. १९९२ पासून पाणी गावात आले. अशी सुमारे शंभर जाळी होती. चौरस मीटरला दिवसाला तीन लिटर या हिशेबाने सरासरी १५ हजार लिटर पाणी रोज मिळे, आणि गावाची वस्ती होती तीन-साडेतीनशे. पुढे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत २०१३ साली धाग्याची जाडी, भोकाचा आकार आणि धाग्यावरचा लेप बदलून हीच जाळी पाचपट पाणी पकडू शकते असे दाखवून दिले. व्हर्जिनियातल्या संशोधकांनी २०१८ साली जाळीचे आडवे धागेच काढून टाकले आणि वीणेसारखे नुसते उभे तंतू ठेवले. कल्पना घेतली कॅलिफोर्नियातल्या रेडवूड वृक्षांच्या सुईसारख्या पानांवरून. आडवा धागा नसल्याने थेंब कोठे अडकत नाही. मोरोक्कोत सिदी इफ्नीच्या मागच्या डोंगरावर 'दार सी हमद' या संस्थेने जाळी उभारली आणि २०१५ पासून खालच्या खेड्यांत नळाने पाणी दिले. जेथे बायकांचा दिवसातला मोठा वेळ पाणी वाहण्यात जाई, तेथे दारात नळ आला. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ साली त्यांचा गौरव केला. हंडा डोक्यावर घेऊन किती पायपीट करावी लागते, हे या सभेतल्या माता-भगिनींना मी सांगायला नको.

येथपर्यंत ऐकून आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील की, मग आपण रामलिंगाच्या डोंगरावर जाळ्या लावायला उशीर का करतो? थांबा. गोष्टीचा उत्तरार्ध अजून राहिला आहे, आणि व्याख्यानाचा खरा विषय तोच आहे.

चुंगुंगोची जाळी दहा-एक वर्षेच चालली. पाणी आले म्हणून गाव वाढले. वाढले म्हणून पाणी अपुरे पडू लागले. वाऱ्याने फाटलेल्या जाळ्या शिवायच्या कोणी, याचा निकाल लागेना. आणि शेवटी पुन्हा ट्रक सुरू झाला. धुके तसेच येत राहिले, डोंगर तेथेच राहिला, फक्त जाळी सांभाळणारा राहिला नाही. आपल्याकडच्या किती पाझर तलावांची, किती नळयोजनांची हीच कथा आहे, ती मी वेगळी सांगत नाही.

आणि किड्याचे काय? २०१० साली स्वीडनमधल्या नॉरगार्ड आणि डाके या दोघांनी नामिबच्या निरनिराळ्या भुंगेऱ्यांची धुक्याच्या पेटीत परीक्षा घेतली. निष्कर्ष मोठा गमतीचा निघाला. ज्याच्या उंचवट्यांच्या पाठीचा एवढा बोलबाला झाला, तो स्टेनोकारा धुक्यात शीर्षासन करतच नाही! शीर्षासन करून पाणी पितो तो ओनिमॅक्रिस, आणि त्याच्या पाठीवर तसले उंचवटे नाहीत. शिवाय पाठीपाठींत पाणी जमवण्याच्या गुणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तेव्हा मेणाची आणि मण्यांची पट्टी ही कारागिरी म्हणून खरी. पण तो किडा जगतो तो पाठीच्या कोरीवकामावर नव्हे. तो जगतो तीन गोष्टींवर: योग्य वेळी उठतो, योग्य जागी जातो, आणि योग्य तऱ्हेने उभा राहतो. माझ्या मते निसर्गाकडून घ्यायचा धडा हा आहे. त्याची पाठ उचलून आणू नका. त्याची वेळ, जागा आणि उभे राहण्याची रीत पाहा, आणि मग आपली वेळ, आपली जागा, आपली रीत शोधा.

तर मग आपली जागा कोणती? बार्शी. बालाघाटाच्या पायथ्याशी, समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. येथे धुके कधी पडते? हिवाळ्यात, थोड्या पहाटा; आणि तेही वारा पडलेला असताना. म्हणजे जाळीला जो वारा हवा तो नाही. ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना विचारा; धुई पडली की त्यांची झोप उडते, कारण पाठोपाठ डाऊनी येतो आणि फवारणीचा खर्च वाढतो. शाळवाच्या पोंग्यात दव साठले की खोडमाशीच्या अळीला आत शिरायला तीच वाट सापडते. चिलीत जे अमृत ते येथे विघ्न. सह्याद्रीवर वाऱ्यासह दाट धुके आहे खरे, पण ते येते पावसाळ्यात, जेव्हा तेथे पाण्याला तोटा नसतो.

राहता राहिले दव. याचा प्रयोग आपल्या देशात मोठ्या काळजीने झाला आहे. कच्छमध्ये समुद्राजवळची गावे अशी आहेत की जेथे जमिनीखालचे पाणी खारे. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतले प्राध्यापक गिरिजा शरण यांनी कोठारा आणि आसपासच्या गावांत छपरांवर धरणारे दव वर्षानुवर्षे मोजले, आणि पानंध्रो येथे जमिनीवर घड्या घातल्यासारखी ८५० चौरस मीटरची उतरती रचना केली. २००७ या वर्षात त्यांना सुमारे साडेसहा हजार लिटर दव मिळाले; सर्वांत चांगल्या एका रात्री अडीचशे लिटर. खाऱ्या मुलखात हे गोडे पाणी मोलाचे आहे. पण भाग देऊन पाहा. चौरस मीटरला वर्षाकाठी पावणेआठ लिटर. हाच हिशेब आपल्या पन्नास चौरस मीटरच्या पत्र्याला लावला तर वर्षाला ३८५ लिटर, आणि तेही कच्छच्या किनाऱ्याची दमट हवा आपल्याकडे आहे असे धरून. आता त्याच पत्र्यावर पाऊस किती पडतो? हिशेबासाठी सहाशे मिलिमीटर धरू. तीस हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी चोवीस हजार. म्हणजे दवाच्या साठपटीहून अधिक पाणी त्याच पत्र्यावरून दरवर्षी गटारात जाते, आणि आपण हवेतून पाणी काढण्याच्या गोष्टी करतो! पानंध्रोची रचनाही पावसाचे पाणी धरण्यासाठी तितकीच वापरली जाते, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

तेव्हा दव निरुपयोगी का? तसे मी म्हणत नाही. आपल्या लोकांनी दवाचा एक उपयोग फार पूर्वीच शोधून काढला आहे. हरभरा फुलावर-घाट्यावर आला की त्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून आंबट रस पाझरतो. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. पिकाला घाटेअळीपासून त्यांचा थोडाफार बचाव होतो. पहाटे दव धरले की तो रस त्यात उतरतो. मग स्वच्छ पांढरे पातळ कापड हरभऱ्यावर पसरतात किंवा अलगद ओढत नेतात, ते भिजले की भांड्यात पिळतात. हीच हरभऱ्याची आंब. बाटलीत भरून ठेवायची आणि पोटदुखीला, अपचनाला थेंब-थेंब पाण्यातून द्यायची. पानांवरचे केस थेंब धरतात, कापड ते टिपून घेते, पिळणारा हात ते गोळा करतो. चिलीच्या डोंगरावरची जाळी आणि आपल्या आजीचे कापड यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक प्रमाणाच्या जाणिवेचा आहे: आजीला ठाऊक होते की याची बाटली भरते, रांजण भरत नाही.

शाळू दवावर येतो, असे आपल्याकडे म्हणतात. पाऊस संपल्यावर पेरलेले पीक पाण्याच्या थेंबावाचून फेब्रुवारीत कणसे देते, तेव्हा ते दवावरच आले असे वाटणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचा छडा लावणारे गृहस्थ पुण्यातच होऊन गेले. त्यांचे नाव रामदास. समर्थ नव्हेत; डॉ. एल. ए. रामदास, पुण्याच्या वेधशाळेत १९३२ साली सुरू झालेल्या कृषि-हवामान विभागाचे धुरीण. त्यांनी दाखवले की, निरभ्र शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नसते, तर तिच्यावर थोड्या उंचीवर असते. त्या थराला आज जगात त्यांचेच नाव आहे. आणि १९३४ साली कट्टी यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केले की, आपली काळी माती रात्री हवेतली वाफ शोषून घेते आणि दिवसा परत सोडून देते. म्हणजे आपल्या पायाखालची जमीनच रोज रात्री हवेतले पाणी पिते! पण ते वरच्या थरातच खेळते. सायंकाळी आलेला पाहुणा दुपारी निघून जातो. शाळवाच्या मुळांना जे पाणी मिळते ते हे नव्हे. ते आहे हस्त-उत्तरेच्या पावसाचे, खोल काळ्या मातीने पोटात साठवून ठेवलेले.

आणि ते किती? मीटरभर खोल काळी जमीन पिकाच्या उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरते. दीडशेच धरा. एका एकरात ते सहा लाख लिटर होते. या आकड्याची जोखीम समजण्यासाठी एक आठवण देतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली. कॅलथ्रॉप साहेबाने १८९७ साली कुर्डुवाडीहून जी लाईट रेल्वे आपल्या गावात आणली आणि जी पुढे लातूरपर्यंत आणि मिरजेपर्यंत पोचली, त्याच मार्गाने, आता रुंद झालेल्या रुळांवरून, बार्शीच्या स्टेशनातून ती गेली. पहिल्या गाडीत होते सुमारे पाच लाख लिटर. साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले, वर्तमानपत्रांत चित्रे आली. त्या गाडीत होते त्याहून अधिक पाणी आपल्या एक एकर खोल काळ्या रानाच्या पोटात दर दसऱ्याला उभे असते, आणि त्याचे चित्र कोणी काढीत नाही. पुढे पन्नास वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी धावली. चुंगुंगोच्या शंभर जाळ्यांना तेवढे पाणी जमवायला साडेपाच महिने लागले असते. आपल्या पाच एकरांना एक चांगली हस्ताची झड पुरते.

हे पाणी जिरवणे आणि राखणे ही आपली जाळी. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. कानिटकर आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे आणि अन्यत्र वर्षानुवर्षे खपून जे सांगितले, ते ऐकायला नवलाचे नाही: उताराला आडवे बांध घाला, पावसाआधी जमीन मोकळी करा, पेरणी विरळ करा, आणि कोळपणी चुकवू नका. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की आतले पाणी त्या वाटेने उडून जाते. कोळप्याने वरची माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि ओलीवर पांघरूण पडते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपला शेतकरी म्हणतो ते उगीच नव्हे. मोहोळला ज्वारीतून निवडून काढलेल्या मालदांडीने या ओलीवर किती घरांच्या भाकरी केल्या, याचा हिशेब मांडायला कागद पुरणार नाही. शहरातल्यांनी काय करावे? पत्र्याची पन्हळ हौदाला जोडावी, किंवा निदान आडाकडे वळवावी. आपल्या जुन्या वाड्यांत पन्हळीही होत्या आणि आडही होते. आडात आपण काय टाकून ठेवले आहे, ते मी या व्यासपीठावरून सांगत नाही.

शास्त्राचा उपहास करण्यासाठी मी हे बोललो नाही. उलट, ज्या संशोधकांनी किड्याची पाठ मोजली आणि ज्यांनी नऊ वर्षांनी त्याच पाठीची कीर्ती दुरुस्त केली, त्या दोघांविषयीही मला सारखाच आदर आहे. धुक्याची जाळी खरी आहे, तिचे पाणी खरे आहे, आणि ज्या डोंगरावर समुद्राचे धुके वाऱ्यासह रोज चढते तेथे ती देवासारखी धावून येते. ज्या मुलांना जिज्ञासा असेल त्यांनी या हिवाळ्यात एक चौरस मीटरचा पत्रा उतरता बांधावा, खाली बाटली ठेवावी, आणि दररोज पहाटे, ऊन येण्यापूर्वी, मोजून वहीत लिहावे. चार महिन्यांची ती वही या गावच्या दवाविषयी माझ्या व्याख्यानाहून अधिक खरे बोलेल. मात्र मोजणी हाती येईपर्यंत कोणी यंत्र विकायला आला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत: बार्शीच्या हवेत ते किती लिटर देते, त्याला वीज किती लागते, आणि ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करतो?

नामिबच्या वाळवंटात पाऊस नाही म्हणून तेथला किडा धुक्याकडे पाठ करून उभा राहतो. आपल्याकडे पाऊस आहे. थोडा आहे, लहरी आहे, पण आहे. आपण त्या पावसाकडेच पाठ करून उभे राहिलो तर मात्र तो किडा आपल्याहून शहाणा ठरेल. मृगाला अजून काही आठवडे आहेत. पन्हळ, बांध आणि आड यांच्याकडे पाहायला तेवढे पुरेत.